मोतीबिंदूच्या संशोधनात येताय? आधी बायोमेट्रीच्या खोलीत बसा

या क्षेत्रात आले तेव्हा मला वाटायचं, खरं काम ऑपरेशन थिएटरमध्ये होतं आणि उरलेलं संगणकावर. डोळ्याची लांबी आणि पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजून डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सची पॉवर जिथे ठरते, त्या बायोमेट्रीच्या खोलीत मी पहिले दोन महिने फिरकलेही नव्हते.

माझ्या पहिल्या अभ्यासाचा प्रश्न साधा होता. लेन्स बसवल्यावर राहणारा नंबर आधी काढलेल्या अंदाजाच्या किती जवळ येतो? आकडे भरताना दिसलं, काही रुग्णांना अंदाजापेक्षा अर्धा-पाऊण डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जास्त मायनस नंबर राहतोय. मी फॉर्म्युले बदलून पाहिले, फरक पडेना. मग मार्गदर्शकांनी नोंदी मोजणाऱ्यानुसार लावायला सांगितल्या. ते बहुतेक रुग्ण एकाच नवीन तंत्रज्ञाने मोजलेले निघाले.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. ए-स्कॅन म्हणजे ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र; त्याचा प्रोब बधिर केलेल्या पारपटलाला टेकवायचा असतो. हात किंचित जड पडला की पारपटल दबतं, डोळा खऱ्यापेक्षा आखूड मोजला जातो आणि गणित जास्त पॉवरची लेन्स सुचवतं. सर्वसाधारण डोळ्यात लांबी 1 मिमी चुकली तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. 0.2 मिमीचा दाब बघणाऱ्याला कळतही नाही, पण त्या माणसाला लांबचं धूसर दिसत राहतं. तंत्रज्ञाचा दोष नव्हता. प्रोब कसा धरायचा ते त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं. पाण्याच्या कपातून, पारपटलाला न दाबता मोजायला लागल्यावर त्याचे आकडे सुधारले. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात स्पर्शाचा प्रश्नच येत नाही, पण मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर प्रकाश आरपार जात नाही. तेव्हा ए-स्कॅनच लागतो, म्हणून तो शिकाच.

हॅरोल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली. शस्त्रक्रिया पार पडली, पण पॉवरचा अंदाज इतका चुकला की त्या बाईंना सुमारे उणे 18 डायॉप्टरचा नंबर राहिला. हा प्रसंग वाचला आणि मला बायोमेट्रीची किंमत नव्याने कळली.

आकडेमोडीतल्या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. 6/12, 6/9 अशा दृष्टीच्या नोंदींची थेट सरासरी काढू नका. लॉगमार तक्ता वापरा, म्हणजे दृष्टी समान टप्प्यांच्या आकड्यांत मोजणारा अक्षरांचा तक्ता; त्यात एका अक्षराचं मोल 0.02 असतं. आणि एकाच माणसाचे दोन्ही डोळे म्हणजे दोन स्वतंत्र रुग्ण नव्हेत. डोळे वाढवून नमुना मोठा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. एकच डोळा घ्या, नाहीतर दोघांमधलं साम्य हिशेबात धरणारी पद्धत वापरा.

सर्वात जास्त वेळ कशात जात असेल, तर ठरलेल्या तपासणीला न आलेल्यांना फोन करण्यात. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. एका आजोबांनी मला फोनवर सांगितलं, "छान दिसतंय की, कशाला येऊ?" त्याच दुपारी एक आजी म्हणाल्या, "दिसतच नाही नीट, मग येऊन काय करू?" माझ्या तक्त्यात दोघांसमोर एकच शब्द होता: गैरहजर.