वजनाच्या ऑपरेशननंतर रात्रीची खाखा: कशी ओळखावी, कशी आवरावी

माझं जठर लहान करण्याचं, म्हणजे स्लीव्हचं ऑपरेशन झालं, त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत एक गोष्ट ध्यानात आली. रात्री आठला जेवताना अर्धी पोळीसुद्धा घशाशी यायची. आणि अकरा वाजता चिवड्याचा डबा घेऊन बसले, की वाटीभर चिवडा कधी संपला ते कळायचंही नाही. तेव्हा मी स्वतःलाच दोष देत होते. हे का होतं ते आहारतज्ज्ञांनी समजावून सांगितल्यावर अर्धं ओझं उतरलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. वजनाच्या दुसऱ्या ऑपरेशनात, म्हणजे गॅस्ट्रिक बायपासमध्ये, वर जठराची एक लहानशी पिशवी ठेवून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पनीर, अंडं, मासा, घट्ट उसळ या गोष्टी त्या लहान जागेत थांबतात, पोटावर ताण येतो आणि 'बस झालं' असा निरोप मेंदूला जातो. चिवडा, शेव, खारी, बाकरवडी, कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटं यांचं तसं नाही. चावताना लाळेत त्यांचा लगदा होतो आणि तो घसरून खाली जातो. सोबत चहा असला तर आणखी लवकर. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि तळलेल्या फरसाणात १०० ग्रॅमला ५०० च्या आसपास कॅलरी असतात.

दुसरं असं, की भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो, म्हणून सुरुवातीचे महिने भूक फारशी आठवतही नाही. वर्ष-दीड वर्षानं ती बऱ्याच जणांना पुन्हा जाणवू लागते. याचा अर्थ ऑपरेशन वाया गेलं असा नाही.

खालचं सगळं नेहमीच्या जेवणावर आलेल्यांसाठी आहे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत, पातळ आणि मऊ अन्नाच्या काळात, तुमच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ताच पाळा.

पायरी १: आधी ओळखा, ही नेमकी कसली भूक

डब्याकडे हात जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता समोर दोन चमचे मुगाची उसळ ठेवली तर खाईन का? 'हो' आलं तर भूक खरी आहे, खा. 'उसळ नको, चिवडाच हवा' असं आलं तर ती खाखा आहे, पोटाची नव्हे.

कधी कधी ती नुसती तहान असते. दिवसभर घोट-घोट पाणी प्यायचं राहून गेलं, की रात्री तोंड काहीतरी मागतं. कधी छातीत-पोटात जळजळ असते आणि दोन घास खाल्ले की बरं वाटेल असं वाटतं. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास बऱ्याच जणांना होतो. तो अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. बायपासनंतर त्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो.

एका प्रकाराकडे मात्र दुर्लक्ष नको. गोड किंवा भाताचं जेवण झाल्यावर एक ते तीन तासांनी अचानक घाम, हातांना कंप, धडधड आणि प्रचंड भूक लागली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. बायपासवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर लगेच बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि साखर वर आल्यावर थोडं दूध किंवा पनीर खा, म्हणजे ती पुन्हा घसरणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर नक्कीच. ऑपरेशननंतर त्यांचे डोस बहुधा कमी करावे लागतात.

पायरी २: दिवस दुरुस्त करा

माझं ठाम मत आहे, रात्रीची खाखा दिवसाच शिजलेली असते. सकाळी चहा, ऑफिसच्या घाईत डब्यातलं दोन घास, पाचला चहा-खारी. पोट लहान, त्यामुळे दिवसभर 'मला काही जातच नाही' असं वाटत राहतं. अंगाला मिळायचं ते मिळालेलं नसतं, आणि रात्री घर शांत झालं की शरीर हिशेब मागायला येतं.

संकष्टी हे याचं चांगलं उदाहरण. दिवसभर चहा आणि थोडीशी साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयाची वाट बघत नऊ-साडेनऊपर्यंत थांबायचं. त्या ताटावर बसल्यावर कुणाचा हात आवरतो? मी संकष्टी सोडली नाही, उपवास मात्र सोडला. अथर्वशीर्ष म्हणते, मोदक निम्मा खाते, आणि जेवते वेळेवर. तुम्हाला उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्या दिवशीही दही, दूध, पनीर ठेवा. नुसता साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तोही घसरणाराच.

ऑपरेशननंतर साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. तुमचा आकडा आहारतज्ज्ञांकडून घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, १०० ग्रॅम माशात २० च्या आसपास. शाकाहारी माणसाला हा आकडा गाठणं सोपं नाही, हे मी अनुभवानं सांगते. मुगाचं धिरडं, चक्का (साखर न घातलेला, म्हणजे श्रीखंड नव्हे), सोयाबीन, पिठलं आणि सांगितली असेल तर प्रोटीन पावडर, असं सगळं जोडत जावं लागतं. ताटात उसळ किंवा पनीर आधी संपवा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे भाकरीचा तुकडा मोडूनच जेवण सुरू होतं, ती सवय मोडायला मला तीन महिने लागले.

पाचचं खाणं हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे चक्का किंवा उकडलेलं अंडं आलं, की रात्र निम्मी सोपी होते. चहा घ्यायचा तर त्याआधी अर्धा तास, आणि संध्याकाळनंतर नको. त्यातलं कॅफिन रक्तातून निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, आणि झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी भूक आणखी वाढते. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. दिवसाचं दीड ते दोन लिटर मधल्या वेळेतच बसवायचं.

पायरी ३: रात्रीचं एक खाणं आधीच ठरवून ठेवा

साडेसातला जेवून बाराला झोपणाऱ्याला दहाला भूक लागली तर त्यात चूक काही नाही. मग ते खाणं चोरून कशाला? ठरवून खा: अर्धा कप बिनसाखरेचं हळदीचं दूध, किंवा दोन चमचे चक्का, किंवा पनीरचे तीन-चार तुकडे. वाटीत काढून, टेबलाशी बसून, टीव्ही बंद करून. झोपायच्या आधी दोन तास पोटाला मोकळे द्या, जळजळ होणाऱ्यांनी तर जरूर.

हिंजवडीत किंवा खराडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ विसरावं. उठल्यापासून मोजा: उठल्यावर पहिलं जेवण, मग दर तीन-चार तासांनी एक. पहाटे तीनचं खाणं तुमच्यासाठी दुपारचं जेवण आहे. ते घरून डब्यात न्या, पँट्रीतल्या मशीनवर सोडू नका.

पायरी ४: घरच्यांशी बोला

एकत्र घरात चिवडा येणारच, मुलांनी खायचं नाही असं कसं म्हणणार? आमच्याकडे तो अपारदर्शक डब्यात, वरच्या फळीवर गेला. सासूबाई आधी 'एवढंसंच जेवलीस?' म्हणून पुन्हा वाढायच्या. त्यांना मी फॉलोअपला सोबत नेलं. डॉक्टरांकडून ऐकल्यावर त्या स्वतःच रात्री दूध गरम करून देऊ लागल्या. माझ्या सांगण्यानं हे झालं नसतं. कोजागरीला त्या माझा अर्धा कप साखर घालण्याआधीच बाजूला काढतात.

पायरी ५: लाट आली की वीस मिनिटं

खाखा लाटेसारखी चढते आणि उतरते. घड्याळ लावा आणि वीस मिनिटं दुसरं काही करा. दात घासा, गॅलरीत उभं राहा, कोमट पाण्याचे घोट घ्या, हाताला काम द्या. मी मटार सोलते, लसूण सोलते. वीस मिनिटांनंतरही भूक राहिली तर ठरवलेलं खाणं घ्या.

खाल्लंच तर दुसऱ्या दिवशी नाश्ता बुडवून प्रायश्चित्त घेऊ नका. त्यातूनच पुढची रात्र बिघडते. त्याऐवजी वहीत तीन गोष्टी लिहा: वेळ, काय खाल्लं, त्या दिवशी काय घडलं होतं. दोन आठवड्यांनी माझ्या वहीत स्पष्ट दिसलं, की आईच्या तब्येतीबद्दल फोन आला की त्या रात्री डबा उघडलेला असायचा. भूक नव्हतीच ती. त्या रात्री मी आता बहिणीला फोन करते.

डॉक्टरांकडे जायला कधी थांबू नये

रात्री झोपेतून उठून वारंवार खावं लागत असेल, दिवसाच्या खाण्यापैकी मोठा भाग रात्रीच्या जेवणानंतरच होत असेल, तर त्याला रात्री खाण्याचा विकार म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९५५ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्यावर उपचार आहेत. सकाळी ओट्यावर खरकटं दिसतं पण खाल्ल्याचं आठवत नाही, असं झालं तर झोपेची गोळी कोणती चालू आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांनी हे होऊ शकतं. खाण्याची जागा दारूनं घेतली असेल तर तेही लपवू नका. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपास आणि स्लीव्हनंतर, ती लवकर आणि जास्त चढते. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि रात्री बर्फ, कच्चे तांदूळ किंवा माती चघळावीशी वाटत असेल तर ती खाखा समजून आवरत बसू नका. ते लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. पुढच्या फॉलोअपची वाट न बघता हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब घेताय ना, ते एकदा बघा.