नॅरोबोट भरतीच्या थेम्सवर नेताना या चुका टाळा

इंग्लंडच्या कॅनॉलवर चूक झाली तर होतं काय? बोट काठाच्या चिखलात रुतते, लांब काठीनं ढकलायची, नाहीच सुटली तर चहा ठेवायचा. वेगमर्यादा ताशी चार मैल आणि पाणी पुरुषभरही खोल नाही. पण पूर्व लंडनच्या लाइमहाऊस बेसिन या कॅनॉलच्या गोदीतून थेम्सकडचे दरवाजे उघडले की पुढे पश्चिमेच्या ब्रेंटफर्डपर्यंत, म्हणजे पुन्हा कॅनॉल लागेपर्यंत, सोळाएक मैल मधे थांबून विचार करायला जागा नाही. आपली नॅरोबोट, म्हणजे जेमतेम सात फूट रुंद, सपाट तळाची लांबलचक पेटी, तिथे भरतीच्या ओढीत असते.

पाच वर्षांत ही फेरी चारदा केली. नदीवर जे जे निस्तरावं लागलं, ते जवळजवळ सगळं आधीच बोटीत बिघडून बसलेलं होतं. कॅनॉलनं ते कधी दाखवलं नव्हतं, इतकंच.

डिझेलच्या टाकीचा तळ न बघणं

पहिली चूक हीच, आणि मी केलेली. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते पाणी तळाशी जाऊन बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे काळी बुळबुळीत बुरशी वाढते. कॅनॉलवर बोट हलतच नाही, त्यामुळे हा गाळ वर्षानुवर्षं शांत पडून असतो. टॉवर ब्रिज ओलांडला की प्रवासी कॅटमरानच्या (वेगवान जुळ्या सांगाड्याच्या बोटींच्या) लाटा येतात. त्या पुढे निघून जात नाहीत, कारण दोन्ही काठ उभ्या दगडी भिंतींचे. बॅझलजेट या इंजिनिअरनं व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा काठ बांधून (1870) नदी आणखी अरुंद केली. लाट भिंतीवर आपटून परत येते, पुढच्या लाटेत मिसळते आणि पाणी उकळल्यासारखं होतं. टाकी घुसळली जाते, गाळ फिल्टरमध्ये जातो.

लक्षण ओळखा: इंजिनाचा आवाज आपोआप चढतो-उतरतो आणि थ्रॉटल वाढवला की जोर वाढण्याऐवजी कमी होतो. व्हॉक्सहॉलच्या अलीकडे आमचं हेच झालं आणि मी घाबरून थ्रॉटल आणखी पुढे ढकलला. करायचं नेमकं उलटं. थ्रॉटल कमी केला की अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही इंजिनाला पुरेल इतकं डिझेल जातं. बोट सुकाणूला दाद देईल एवढाच वेग ठेवून उजवा काठ धरावा, नांगर तयार ठेवावा, आणि इंजिन बंद पडायची वाट न बघता रेडिओवर कळवावं.

निघण्याच्या आठवडाभर आधी टाकीच्या तळातून हातपंपानं बरणीभर डिझेल उपसून काढा. बरणी तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळे धागे दिसले तर तळ स्वच्छ येईपर्यंत उपसत राहा. टाकी काठोकाठ भरा, फिल्टर बदला, दोन जास्तीचे जवळ ठेवा. फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढावी लागते. ते काम बेसिनमध्ये एकदा स्वतःच्या हातानं करून बघा. लाटांत पाना धरून मॅन्युअल वाचता येत नाही.

इंजिन कधीच जोरात न चालवलेलं असणं

बहुतेक नॅरोबोटींत गरम पाणी बोटीच्या पोलादी पत्र्याला आतून जोडलेल्या चपट्या टाकीतून फिरतं आणि बाहेरचं पाणी ते थंड करतं. कॅनॉलच्या संथ चालीला ही टाकी पुरते. नदीवर सलग दोन-तीन तास जोर लावला की काटा वर सरकायला लागतो. कधी टाकी लहान असते, पण बऱ्याचदा तिच्या वरच्या भागात हवा अडकलेली असते. इंजिन गरम असताना हात लावून बघा: खाली ऊन आणि वर गार लागलं तर हवा आहे, वरच्या स्क्रूनं ती सोडा. वाटेतच काटा चढला तर आधी वेग कमी करा, भरती तशीही नेतेच आहे. बोटीतलं अंघोळीचं पाणी इंजिनावर तापत असेल तर गरम पाण्याचा नळ सोडून द्या. तेवढीच उष्णता बाहेर जाते, दहा-पंधरा मिनिटांची उसंत मिळते.

उधाण पाहून निघणं

‘मोठी भरती, म्हणजे लवकर पोचू’ हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरांवरच्या भरतीची बातमी होते, आणि लंडन ब्रिजपाशी उधाणाची भरती सरासरी सात मीटरांवर जाते. एवढं पाणी सहा तासांत चढायचं तर ओढ काय असेल! पहिल्या फेरीला भांगाची, म्हणजे लहान, भरती निवडा. कोकणातल्या आजीचं गणित इथेही लागू पडतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर दोनेक दिवस उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग.

लाइमहाऊसहून लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीच्या साधारण तीन तास आधी निघतात. ब्रेंटफर्डला भरती तासाभरानं उशिरा येते आणि तिथलं नदीवरचं लॉक (बोट वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद) भरतीच्या आधी-नंतर दोनेक तासच चालतं, म्हणून मधे रेंगाळायला वाव नाही. वेळापत्रक ग्रीनिच वेळेत छापलेलं आहे का, हे पाहा. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा असतो आणि दरवर्षी कोणीतरी तो विसरतं. वाराही बघा. भरती पश्चिमेकडे जाते. समोरून पश्चिमेचा वारा आला की पाणी उभं राहतं.

ब्रेंटफर्ड हुकलंच तर सुकतीशी (ओहोटीशी) झुंजत तिथे घिरट्या घालू नका. भरतीची ओढ शिल्लक असतानाच रिचमंडवरून टेडिंग्टनपर्यंत वर जायचं. तिथे भरतीची हद्द संपते. हा दुसरा पर्याय निघतानाच ठरलेला हवा.

पाणी आत यायच्या वाटा उघड्या ठेवणं

नॅरोबोटीचा पुढचा खोलगट भाग पाण्यापासून फार वर नसतो. समोरून आलेली लाट तिथे पडते आणि दाराखालून थेट खोलीत शिरते. दार लावा, जाळ्या झाका, फटीत जाड टॉवेल कोंबा. मागे पंख्यात अडकलेलं काढायच्या झाकणाचं रबर तपासा, ते सैल असेल तर इंजिनाच्या जागेत पाणी भरतं. छपरावरच्या कुंड्या आणि सायकल खाली उतरवा.

शोभेचा नांगर

दर फुटाला पौंडभर, म्हणजे पन्नास फुटी बोटीला तेवीसएक किलो, असा ढोबळ अंदाज असतो. शेजाऱ्यानं दिलेला छत्रीसारखा घडीचा नांगर म्हणजे खेळणं. पाचेक मीटर साखळी, पुढे तीस मीटर दोर, आणि दोराचं दुसरं टोक नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) खुंटाला आधीच बांधलेलं. हे शेवटचं विसरून नांगर, साखळी, दोर असं सगळंच नदीला अर्पण करणारेही असतात.

नदीची भाषा न शिकणं

45 फुटांहून लांब बोटीला इथे व्हीएचएफ रेडिओ लागतो आणि तो वापरायचा परवानाही. चॅनल 14 वर लंडन व्हीटीएस, म्हणजे नदीवरच्या वाहतुकीचं नियंत्रण. लाइमहाऊसचं लॉक चॅनल 80 वर, पण आधी बुकिंग हवं. पुलाच्या कमानीवर पांढरा दिवा लुकलुकत असेल तर त्या कमानीतून मोठं जहाज येतंय. आणि कमानीत गवताची पेंढी लोंबताना दिसली तर हसू नका: काम चालू असल्यानं तिथली उंची कमी झाली आहे, असा तो जुना आणि आजही पाळला जाणारा नियम आहे. पटनीच्या पुढे रोइंगच्या होड्या भेटतात. त्यांचे नियम वेगळे असतात आणि त्यातले बरेच जण पाठ करून वल्हवतात, म्हणजे त्यांना तुम्ही दिसत नाही. कॅनॉलच्या बोगद्यांसाठी बोटीवर लावलेला प्रखर दिवा बंद ठेवा.

ब्रेंटफर्डला सरळ वळणं

कॅनॉलचं तोंड उजवीकडे दिसतं आणि हात आपोआप सुकाणू फिरवतो. नाळ आत शिरते, तिथलं पाणी संथ. मागचा भाग अजून ओढीत, तो वर ढकलला जातो आणि बोट तोंडातच आडवी होते. त्याऐवजी तोंड ओलांडून पुढे जा, मागे-पुढे बघून नदीत पूर्ण वळा, आणि भरतीच्या समोर नाळ धरून हळूहळू काठाकडे सरका. पाण्याच्या विरुद्ध बोट जवळजवळ जागच्या जागी धरता येते. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं त्या वेळी पोचलात तर हे सगळं निम्म्यानं सोपं. लॉक उघडायला वेळ असेल आणि भिंतीला टेकायचं असेल तर दोर आवळून गाठ मारून आत चहाला जाऊ नका. पाणी उतरायला लागलं की बोट दोराला लटकते. दोर खुंटावर नुसता वळसा घालून हातात ठेवा.

आत पोचून बोट बांधली की इंजिन गार होऊ द्या आणि फिल्टर उघडून बघा. आमच्या पहिल्या फेरीनंतर त्यातून ओल्या चहापूडसारखा लगदा निघाला होता. परतीचा बेत आम्ही तिथेच रद्द केला आणि बोट वरच्या कॅनॉलनं, लॉकमागून लॉक चढत-उतरत, चार दिवसांत घरी आणली.