कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात मोफत वकील कसा मिळवावा

मारहाण चालू असेल किंवा जिवाला धोका असेल, तर वकिलाचा विचार नंतर करावा. आधी ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करावा. दुखापत झाली असल्यास सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि ती कशी झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे. ‘पाय घसरून पडले’ असे एकदा केसपेपरवर लिहिले गेले, की पुढे न्यायालयात ते खोडून काढणे फार जड जाते.

मोफत वकील ही मेहेरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना हा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बाई नोकरी करणारी असो, तिच्या नावावर शेत असो किंवा माहेर सधन असो, त्याने फरक पडत नाही. त्यामुळे कोणी उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवू लागले, तर या कलमाचा नम्रपणे पण ठामपणे उल्लेख करावा. आधीच पिचलेल्या बाईने त्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खेपा घालण्याचे काहीच कारण नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती काम करते. तिथे जाणे शक्य नसेल तर १५१०० या क्रमांकावर विचारावे. अर्जाला शुल्क नाही, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली हकीकत तेथील कर्मचाऱ्याने किंवा विधी स्वयंसेवकाने लिहून घ्यायची असते. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा, म्हणून अर्ज दिल्याची पोच न चुकता घ्यावी.

न्यायालयातला अर्ज कुठल्या गावी करायचा, यावर बऱ्याच जणी अडतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ प्रमाणे पीडिता तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. म्हणजे सासर नाशिकला असून सध्या मुक्काम लातूरला भावाकडे असेल, तर तारखांसाठी नाशिक गाठावे लागत नाही.

वकिलाला भेटण्यापूर्वी घडलेल्या गोष्टी क्रमाने कागदावर उतरवाव्यात. तारीख आठवत नसेल तर ‘धाकट्याच्या बारशानंतर’, ‘पाडव्याच्या आदल्या रात्री’ अशी खूण चालते. मात्र अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये, कारण उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवले जाते. सोबत लग्नपत्रिका किंवा फोटो, पोलिसांनी नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारीची प्रत, स्त्रीधनाची यादी आणि मुलांच्या खर्चाच्या पावत्या असाव्यात. नवऱ्याच्या कमाईबद्दल जे ठाऊक असेल, अगदी त्याच्या गाडीचा हप्ता किती जातो एवढेसुद्धा, वकिलाला सांगावे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यातली लपवाछपवी अशाच बारीक माहितीवरून उघडी पडते.

२००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात व तो उपयोगी असतो, परंतु त्यावाचून अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (पूर्वीचे ४९८-अ) गुन्हा दाखल झाला, तरी तो खटला सरकारी वकील चालवतो आणि त्यातून घरात राहण्याचा आदेश किंवा दरमहा खर्च मिळत नाही. त्यासाठी २००५ च्या कायद्याखालचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि मोफत वकिलाची खरी गरज इथेच असते.

कायद्यात अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे; प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी करण्यास वकिलाला सांगावे: त्रास देण्यास मनाई, घरातून बाहेर न काढण्याचा आदेश आणि तात्पुरता खर्च. तडजोडीची बैठक सुचवली गेली आणि समोरासमोर बसण्याची भीती वाटत असेल, तर तसे लेखी कळवावे.

नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते; टंकलेखनाचा आणि नकलांचा खर्चही प्राधिकरणाने उचलायचा असतो. पैसे मागितले गेले किंवा वकील तारखेला येतच नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागावा.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, म्हणून ती प्रत कायम जवळ ठेवावी आणि एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. निकाल विरोधात गेला तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि त्यासाठीही मोफत वकील मिळतो.