मिरवेलीची छाट कलमे: रोपवाटिकेतील कामाची पद्धत

काळ्या मिरीचे बी रुजते, परंतु बियांपासून वाढलेला वेल मातृवेलासारखाच निघेल याची खात्री नसते आणि फळही उशिरा धरते. म्हणून मिरीची लागवड छाट कलमांवरच चालते. कलम करणे अवघड नाही. मात्र वेलाचा नेमका कोणता भाग कापून घेतला यावर रोपाचे पुढचे सारे आयुष्य ठरते, आणि नेमके हेच रोप विकत घेणाऱ्याला पिशवीकडे पाहून सहसा कळत नाही.

मिरवेलीवर निरनिराळ्या स्वभावाच्या फांद्या असतात. आधाराच्या झाडावर मुळे रोवत सरळ चढणारे मुख्य वेल ही एक तऱ्हा. त्यांना फुटून आडव्या वाढणाऱ्या, घोस धरणाऱ्या फळफांद्या ही दुसरी. वेलाच्या बुंध्याशी फुटून जमिनीवर सरपटत जाणाऱ्या धावत्या फांद्या ही तिसरी, आणि शेंड्याकडून खाली लोंबणाऱ्या फांद्या ही चौथी. लागवडीच्या रोपांसाठी धावत्या फांद्याच घ्याव्यात. लोंबत्या फांद्या हाताशी येतात म्हणून कापल्या जातात, पण त्यांच्यापासून जोमदार वेल मिळत नाही. फळफांदीचे कलम वर चढत नाही, त्याचे झुडूप होते; कुंडीत किंवा नारळाच्या बागेत मुद्दाम झुडूप मिरी लावायची असेल तरच ते करावे.

मातृवेल भरपूर आणि दरवर्षी फळणारा, निरोगी, साधारण ५ ते १२ वर्षे वयाचा असावा. पन्नियूर-१ हा उथिरनकोट्टा आणि चेरियकनियकाडन या मिरीच्या दोन वाणांच्या संकरातून केरळात तयार झालेला वाण १९७१ मध्ये प्रसारित झाला आणि आजही त्याला मागणी आहे. परंतु दाट सावलीत तो मनासारखे उत्पन्न देत नाही, हे गर्द सुपारीच्या बागेसाठी रोपे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रीपूर्वीच सांगितलेले बरे. निवडलेल्या वेलाच्या धावत्या फांद्या जमिनीवर मोकळ्या सोडू नयेत, कारण त्या जागोजागी मुळे धरतात. वेलाशेजारी खुंटी रोवून तिच्याभोवती त्या गुंडाळून ठेवाव्यात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये या फांद्या कापाव्यात. शेंड्याकडील कोवळा आणि बुंध्याकडील जून भाग वगळून मधल्या भागाचे दोन ते तीन डोळ्यांचे (पान व फुटवा जिथून निघतो त्या पेरांचे) तुकडे करावेत. पाने देठ ठेवून कापून टाकावीत, म्हणजे तुकड्यातील ओलावा पानांवाटे उडत नाही. खालचा काप धारदार चाकूने, डोळ्याच्या किंचित खाली द्यावा. इंडोल ब्युटिरिक आम्ल या मुळे फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या १००० पीपीएम (दर दहा लाख भागांत १००० भाग) द्रावणात खालचे टोक पाऊण मिनिट बुडवल्यास मुळे चांगली फुटतात.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. हे मिश्रण आधी ओलसर करून, त्याचा थर पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकून, सुमारे ४५ दिवस उन्हात तापवावे. त्यामुळे मूळकूज करणाऱ्या बुरश्या आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. म्हणजे मार्चमध्ये कलमे लावायची तर ही तयारी जानेवारीतच सुरू व्हायला हवी. तापवलेल्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरश्यांना रोखणारी उपयुक्त बुरशी मिसळावी. पिशवीच्या तळाशी भोके असावीत आणि किमान एक डोळा मातीखाली जाईल असा तुकडा खोचावा. पिशव्या शेडनेटखाली अगर झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवून झारीने हलके पाणी द्यावे. हवा दमट राहिली पाहिजे; माती मात्र चिखल होता कामा नये.

चांगल्या वाणाचे मोजकेच वेल हाताशी असतील तर नागमोडी पद्धत उपयोगी पडते. मुळे फुटलेले एक कलम पिशवीत ठेवावे आणि ते वाढू लागले की त्याच्यापुढे मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांची रांग मांडत जावे. वाढत्या वेलाचा प्रत्येक नवा डोळा पुढच्या पिशवीतील मातीला टेकवून, नारळाच्या पातीचा हीर मधोमध वाकवून त्याच्या चिमट्याने दाबून ठेवावा. सुमारे तीन महिन्यांत दहाएक डोळ्यांना मुळे धरतात. त्यांतले पहिले तीन पुढील वाढीसाठी तसेच राखून चौथ्यापासूनचे डोळे कापून वेगळे करावेत आणि कापलेले टोक मातीत दाबावे. रोज पाणी मिळाले तर पुढील दोन-तीन महिन्यांत अशा रोपांना नवी पाने येऊन ती लागवडीजोगी होतात. या पद्धतीला विशेष साधने लागत नाहीत, रोजची नजर मात्र लागते. मध्ये आठवडाभर लक्ष दिले नाही तर वेल हवेत वाढतो आणि तेवढे डोळे मुळांवाचून राहतात.

पावसाळा जवळ आला की पानांवर काळपट, कडेला झिरमिळ्या असलेले ठिपके आणि खोडावर काळी कूज दिसू लागते. हा फायटोप्थोरा या कूज आणणाऱ्या, बुरशीसारख्या रोगजंतूचा प्रादुर्भाव असून अशी रोपे पिशवीसह उचलून नष्ट करावीत आणि उरलेल्यांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. हे मिश्रण करण्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत ५०-५० लिटर पाण्यात विरघळवून, मोरचूदाचे द्रावण चुन्यात ओतत ढवळावे. तयार मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

विक्रीपूर्वी काही दिवस रोपांवरील सावली क्रमाने कमी करावी. पाऊस स्थिरावल्यावर रोप आधाराच्या झाडाच्या उत्तर बाजूस लावण्यास सांगावे, कारण तेथे कोवळ्या वेलाला दक्षिणेकडचे कडक ऊन लागत नाही.