घरची मेणबत्ती रडते? मेणाला दोष देण्याआधी या चुका टाळा

खानापूरकडे पावसाळ्यात लाईट गेली की मेणबत्तीची किंमत कळते, आणि ती घरी केलेली असली तर तिच्या खोडीही. अर्ध्यात विझते, तडतडते, नाहीतर ओघळून ताटलीभर पसरते. मग मेण भेसळीचं ठरतं. खरा दोष बहुतेकदा वातीचा असतो.

मी पहिल्यांदा पुड्या बांधायचा दोराच वात म्हणून घातला होता. ज्योत हरभऱ्याएवढी, भोवती मेणाचं तळं, त्यातच ती बुडाली. इंग्रजीत मेणबत्तीवाल्याला चँडलर म्हणत. पुढे जहाजांना दोरखंड, डांबर पुरवणारा व्यापारीही 'शिप चँडलर' झाला. दुकान एक असेल, पण दोर तो दोर आणि वात ती वात! विणलेली सुती वात घ्या. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथंच राख होतं, म्हणून काजळी धरत नाही. बारीक वातीनं मधोमध विहीर पडते, फार जाड वातीनं धूर होतो. साच्यात ताणण्याआधी ती पातळ मेणात बुडवून सुकवा. आपल्याकडच्या सर्द हवेत कोरी वात ओल धरते, आणि तडतड होते ती त्या ओलीची.

धोक्याची चूक म्हणजे कुंदा आटवल्यासारखं मेण थेट गॅसवर ठेवणं. नेहमीचं पॅराफिन 58 ते 60 अंशांना वितळतं. पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं, एवढी ऊब पुरते. थेट आचेवर 200 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलंच तर पाणी अजिबात टाकू नका, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण घाला.

कडकपणासाठी स्टिअरिक ॲसिड घालत असाल तर तांब्या-पितळेचं भांडं नको, मेण हिरवट होतं. स्टील बरं.

निवताना पॅराफिन आकसतं, म्हणून वातीजवळ खड्डा पडतो. थोडं मेण राखून ठेवा आणि दुसऱ्यांदा ओता. घाईनं साचा फ्रिजमध्ये ठेवलात तर तडे जातात.

पोस्टर कलर मेणात विरघळत नाहीत, वातीत अडकून बसतात. तेलात विरघळणारा रंग मागा.

आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका. पाइपात थिजलं की प्लंबरच बोलवावा लागतो.