पनामा सिटीतली रात्र: सांगलीहून निघण्याआधीच्या तयारीसकट

पहिलं काम इथलंच, आणि ते विसरलं तर परतताना अडकायला होतं. पनामाचं नाव भारताच्या 'यलो फीव्हर'च्या यादीत आहे. तिथून परत येणाऱ्याकडे लस घेतल्याचं पिवळं पुस्तक नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कारण सरळ आहे: हा ताप पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे, फक्त रोग अजून आलेला नाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही. दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून तिकीट काढलं की त्याच आठवड्यात लशीची वेळ घ्या. पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा.

दुसरं काम बँकेचं. कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू करून घ्या, यूपीआयवर विसंबून जाऊ नका. पनामाचं चलन बाल्बोआ, पण त्याच्या नोटाच नाहीत, फक्त नाणी आहेत. १९०४ पासून एक बाल्बोआ म्हणजे एक अमेरिकी डॉलर, आणि नोटा डॉलरच्याच. इथून नेताना १, ५, १० आणि २० च्या मागून घ्या. ५० किंवा १०० ची नोट काढली की दुकानदार नाही म्हणतो, नाहीतर वहीत नोटेचा नंबर आणि तुमचा पासपोर्ट नंबर लिहीत बसतो. बनावट नोटांची धास्ती. सुट्ट्या पैशांना तिथे 'सेन्सियो' म्हणतात. टॅक्सीवाल्याकडे ते कधीच नसतात, सांगलीसारखंच. कार्ड ओढताना मशीनने 'रुपये की डॉलर' विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडले तर भाव मशीनवाला ठरवतो आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

आता वेळेचं गणित. पनामा आपल्या साडेदहा तास मागे आहे. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेबारा झालेले असतात, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी झोप अनावर होते. तेव्हा गजर लावून दोनच तास झोपा. रात्री बाराला शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेदहा असतात, त्यामुळे डोळे आपोआप टक्क उघडे राहतात. हे सोयीचंच आहे, कारण तिथली रात्र उशिरा तापते. नाचायच्या ठिकाणी नऊला पोचलात तर रिकामा हॉल बघावा लागेल. बारानंतर गर्दी होते, आणि बुधवार-गुरुवारपेक्षा शुक्रवार-शनिवारी बरीच जास्त.

संध्याकाळ मात्र वाया घालवू नका. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास मावळतो. त्या वेळी सिंता कोस्तेरा या समुद्राकाठच्या रस्त्यावर पायी फिरा, पैसे पडत नाहीत. एका बाजूला काचेचे मनोरे, दुसऱ्या टोकाला जुनं शहर कास्को अँतिग्वो, म्हणजेच कास्को व्हिएहो. याला १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मे ते डिसेंबर पावसाचे दिवस. सर बहुतेक दुपारनंतर कोसळते, तेव्हा छत्री जवळ असू द्या.

नाटकवेड्या सांगलीकराने कास्कोतलं तेआत्रो नासिओनाल चुकवू नये. १९०८ मध्ये सुरू झालेलं हे थिएटर घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे आणि छतावरची चित्रं रोबेर्तो लुइस यांची. तिकीट काढताना बाजूच्या बॉक्सपेक्षा समोरची जागा मागा, कारण नालेच्या टोकांवरून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो. नाटक स्पॅनिशमध्ये असतं, भाषा येत नसेल तर नृत्य किंवा वाद्यसंगीताचा कार्यक्रम निवडा. हाफ पँट आणि चप्पल घालून जाऊ नका. जानेवारीत असाल तर पनामा जॅझ फेस्टिव्हलचं वेळापत्रक बघून ठेवा. पियानोवादक दानिलो पेरेस यांनी तो सुरू केला आणि शेवटच्या दिवसाची मोठी मैफल खुल्या मैदानात, विनातिकीट असते. त्याच महिन्यात ९ तारीख हुतात्म्यांच्या दुखवट्याची आहे. त्या रात्री गाजावाजा अपेक्षित धरू नका.

थिएटरनंतर कास्कोतच थांबा. गच्चीवरचे बार तिथेच आहेत, एका चौकातून दुसऱ्यात चालत जाता येतं, आणि साल्सा हे नाचाचं संगीत प्रत्यक्ष वाजवणारे वाद्यवृंद शुक्रवारी सापडतात. पण कास्कोची हद्द ओळखून ठेवा. त्याला लागून असलेल्या एल चोरीयो आणि सांता आना या वस्त्यांत रात्री पायी शिरू नये. दोन गल्ल्यांत चित्र बदलतं आणि नकाशावर ते दिसत नाही. मेट्रो स्वस्त आहे, पण रात्री दहा-अकराला बंद होते, तेव्हा परतीसाठी तिचा विचार सोडा. पिवळ्या टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. उबर बोलवायची तर उजेडाच्या, माणसांच्या चौकातून बोलवा. शनिवारी कास्कोच्या अरुंद एकेरी गल्ल्यांत गाड्या खोळंबतात, त्यामुळे 'चार मिनिटं' वीसवर जातात. गाडी आली की नंबर पाटीशी जुळवून मगच दार उघडा.

क्लबात शिरताना पुरुषांना लांब पँट आणि बंद बूट लागतात. दारावरचं शुल्क असतं. ते कशाचं हे विचारा, कारण कधी त्यात ठरलेली पेयं येतात, कधी नुसता प्रवेश. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फोटोचं पान आणि प्रवेशाचा शिक्का यांची रंगीत प्रत खिशात ठेवली तर बहुतेक ठिकाणी भागतं. कॅसिनोत मात्र मूळच मागू शकतात. ते एल कांग्रेहो भागातल्या मोठ्या हॉटेलांत आहेत. मद्यासाठी वय १८, आणि बंद जागेत धूम्रपान २००८ पासून मना.

काय प्यावं? ऊसवाल्या जिल्ह्यातून गेलात तर सेको चाखून बघा. उसापासून काढलेलं, ३५ टक्के मद्यार्काचं, तिथलं हक्काचं पेय. कोणी दुधात मिसळून देतात, ऐकायला विचित्र, पण गावाकडे ती रीतच आहे. ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका. बिल आलं की जोडून बघा: जेवणावर ७ टक्के कर, मद्यावर १०, आणि मेनूतल्या किमतीत तो बहुधा धरलेला नसतो. म्हणजे २० डॉलरचं जेवण आणि २० ची पेयं मिळून ४३.४० होतात. बक्षिशी १० टक्के रूढ आहे, सक्ती नाही. 'सेर्व्हिसिओ' म्हणजे सेवाशुल्क बिलात आधीच लावला असेल तर वर पुन्हा देऊ नका.

शाकाहारी माणसाने 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर चिकन ताटात येतं, कारण तिथे कार्ने म्हणजे बहुतेकांच्या मनात गाय-डुक्कर. पूर्ण म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, चिकन, मासे काहीच नको. मग पाताकोनेस मागवा: कच्च्या केळ्याच्या जाड चकत्या, एकदा तळून, चेपून, पुन्हा तळलेल्या. नारळाच्या दुधातला 'आरोस कोन ग्वांदू' म्हणजे चक्क तुरीचा भात. त्यात चिकनचं पाणी आहे का ते विचारा. रात्री दोनला यातलं काहीच हाताशी नसतं, म्हणून घरून नेलेलं भडंग हॉटेलच्या खोलीत ठेवलेलं बरं.

गाण्यांत रुची असेल तर एक रात्र साल्साऐवजी स्पॅनिश रेगे वाजवणारी जागा शोधा. त्यातूनच पुढे आलेल्या रेगेटॉन या नाचाच्या संगीताची मुळं या शहरातल्या जमैकन वंशाच्या वस्त्यांत आहेत. मोकळी हवा हवी असेल तर कालसादा दे अमादोर गाठा: कालवा खणताना निघालेल्या दगडांचा समुद्रातला बांधरस्ता, वाटेत वास्तुकार फ्रँक गेरी यांचं रंगीत छपराचं बायोम्युझिओ, म्हणजे जैवविविधतेचं संग्रहालय. तिथे जेवणाची दुकानं आहेत, पण परतीची गाडी रात्री पटकन मिळत नाही, तेव्हा सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याशीच परतीची वेळ ठरवून ठेवा.

खिशात साठलेली बाल्बोआची नाणी शेवटच्या दिवशी टोकुमेन विमानतळावर कॉफीत संपवा. भारतात तीच काय, डॉलरची नाणीही कोणी बदलून देत नाही.