रात्रीच्या दिव्यांसाठी नियम करून घेताय? या चुका टाळा

ठराव एकमतानं मंजूर होतो, टाळ्या वाजतात, फोटो निघतात. वर्षभरानं त्याच रस्त्यावर रात्री जाऊन उभं राहावं, तर डोळे आधीपेक्षा जास्त दिपतात. बाहेरच्या दिव्यांवर नियम यावेत म्हणून धडपडणाऱ्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. माणसं तळमळीची असतात, चुका मात्र त्याच त्या. बहुतेकींचं मूळही एकच: कागदावर महिने जातात आणि रात्री खांबाखाली जाऊन उभं राहायला कुणाला सवड नसते.

असे नियम चालतात, याबद्दल शंका नको. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ गावानं जाहिरातीचे झोत आकाशात फिरवण्यावर १९५८ मध्येच बंदी घातली, कारण तिथल्या वेधशाळांना आकाश काळंभोर हवं होतं. पुढे नियम टप्प्याटप्प्यानं घट्ट होत गेले आणि २००१ मध्ये फ्लॅगस्टाफ जगातलं पहिलं 'आंतरराष्ट्रीय डार्क स्काय' शहर, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणारं शहर, ठरलं. मधे ४३ वर्षं गेली. तीन महिन्यांत निकाल मागणाऱ्यांना मी आधी हे दोन आकडे सांगते.

फिटिंग चांगलं, बसवलं तिरकं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवते.

एका ठिकाणी आम्ही दोन वर्षं पाठपुरावा करून ठराव करून घेतला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रस्त्यावरचे नवे दिवे 'फुल कटऑफ' असावेत, म्हणजे आडव्या रेषेच्या वर त्यांचा एक किरणही जाऊ नये. निविदेत तेच शब्द आले. कंत्राटदारानं कंपनीचं प्रमाणपत्र जोडलं, तेही खरं होतं. दिवे बसले. आम्ही खूश होऊन पाहायला गेलो, तर रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या दिसत होत्या.

सकाळी पुन्हा गेले. खांब जुनेच होते, सोडियमच्या दिव्यांच्या वेळचे. त्यांचे वरचे हात कमानीसारखे वर वळलेले. नवं चपटं एलईडी फिटिंग त्याच हातावर, त्याच कोनात ठोकलं होतं. काच जमिनीकडे नाही, समोरच्या घरांकडे पाहत होती. मोबाइलमधल्या कोनमापकानं मोजलं, कुठे १५ अंश, कुठे २५. फिटिंग २० अंश वर उचललं की त्याचा 'कटऑफ' आडव्या रेषेच्या २० अंश वर जातो, एवढं साधं गणित आहे. आणि आडव्या रेषेच्या थोडा वर निसटणारा हाच उजेड सगळ्यात वाईट. तो हवेतून लांबवर तिरका प्रवास करतो आणि दूरच्या गावांचं आकाशही धुरकट पांढरं करून टाकतो.

कंत्राटदाराशी भांडायला जागाच नव्हती. ठरावात फिटिंग कसं असावं ते होतं, ते कसं बसवावं ते नव्हतं. त्यानं मागितलेलं सामान दिलं होतं, ठरलेल्या खांबांवर लावलं होतं. सगळे हात बदलायला वेगळा खर्च, वेगळी मंजुरी. त्यात पुढचं दीड वर्ष गेलं.

तेव्हापासून मी कुठल्याही मसुद्यात एक वाक्य घालायला लावतेच: 'दिवा बसवल्यानंतर त्याची काच जमिनीला समांतर असली पाहिजे, आणि हे जागेवर तपासल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही.' दुसरी सवय अशी, की पहिले पाच दिवे बसले की मी लगेच जाते. पाच दिवे सरळ करायला एक दुपार पुरते. पाचशे बसल्यावर ते कुणी सरळ करत नाही.

फ्लडलाइटचं दुखणं याच जातीचं. मैदानावरचा, पेट्रोल पंपावरचा, गोदामावरचा फ्लडलाइट बहुतेक वेळा समोर बघत असतो, खाली नाही. त्याला नवं यंत्र लागत नाही. शिडी लागते, पाना लागतो आणि तो खाली वळवण्याची इच्छा लागते.

मर्यादा वॅटमध्ये लिहिणं

वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेड मोजायचा तर लुमेन. २५० वॅटचा सोडियम दिवा साधारण २७ हजार लुमेन द्यायचा. आजचा २५० वॅटचा एलईडी ३५ हजारांच्या सहज पुढे जातो. शिवाय एलईडीचा जवळजवळ सगळा उजेड एका दिशेला पडतो, सोडियमचा बराच भाग फिटिंगच्या आतच वाया जायचा. जुन्या मसुद्यातला वॅटचा आकडा तसाच उचलला, तर जास्त उजेडाला आपणच परवानगी देऊन बसतो. मसुद्याची नक्कल करणं मला मुळातच मान्य नाही. दुसऱ्या गावाचा नियम वाचा, पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते समजल्याशिवाय उचलू नका.

'पिवळा दिवा लावला की झालं' हा समज

रंग महत्त्वाचा आहेच. स्वच्छ हवेत निळा उजेड पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो, म्हणून ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, ही मागणी योग्यच आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर). फ्रान्सनं २०१८ च्या आदेशात रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ३००० ची मर्यादा घातली. पण २७०० केल्विनचा दिवा गरजेच्या तिप्पट तेजाचा लावला तर रंगातून कमावलेलं तेजात गमावलं. आधी उजेड किती आणि कुठे, रंग त्यानंतर.

घाईत घेतलेली मोजमापं

माझी दुसरी दुखरी नस. नवीन मुलं येतात, आकाशाची काळोखी मोजणारं हातातलं छोटं यंत्र घेतात, एसक्यूएम म्हणतात त्याला. पहिल्याच आठवड्यात ती आलेख काढून मोकळी होतात. उत्साह मला आवडतो, घाई नाही.

एका गटातल्या मुलानं नियम लागू होण्याआधी एका रात्री १८.९ वाचन घेतलं आणि तीन आठवड्यांनी २०.१. या यंत्रात आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं, म्हणजे हा जवळपास तिपटीचा फरक. मुलं हरखली आणि 'नियमामुळे आकाश सुधारलं' असं निवेदन घेऊन थेट सभेत गेली. तिथल्या अभियंत्यानं शांतपणे दोन्ही तारखा विचारल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. पहिल्या रात्री अष्टमीचा चंद्र डोक्यावर होता, दुसऱ्या रात्री अमावास्या. सभागृहात कुणी हसलं नाही, तरी त्या दिवसानंतर सहा महिने आमचा कुठलाही आकडा कुणी गंभीरपणे घेतला नाही. खरे आकडेसुद्धा.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. चंद्र मावळलेला किंवा उगवायचा बाकी हवा. संधिप्रकाश पूर्ण संपलेला हवा, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेलेला. ढग असतील तर यंत्र पिशवीतून काढायचंच नाही. ढग शहराचा उजेड खाली परतवतात आणि वाचन बिघडतं. यंत्र सरळ डोक्यावर धरायचं, जवळ दिवा किंवा उजळलेली भिंत नको. पहिलं वाचन सोडून द्यायचं, पुढची पाच लिहायची. तारीख, वेळ, जागा आणि हवा लगेच वहीत टिपायची, घरी जाऊन आठवून नाही. आणि निदान एक वर्ष, दर महिन्याला, त्याच जागेवर. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. लोकांना रात्री बोलवा आणि डोळ्यांनी दाखवा, ते जास्त प्रामाणिक आहे.

ही मोजपट्टी साधी नाही, हेही लक्षात असू द्या. २१.५ आणि १९ यांत फरक फक्त अडीचचा वाटतो, प्रत्यक्षात दुसरं आकाश दहापट उजळ असतं. सभेत नुसता आकडा वाचून दाखवला तर समोरच्याला काहीच कळत नाही. 'दहापट' हा शब्द वापरा.

मोबाइलचे फोटो पुरावा म्हणून नेऊ नका. कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि कमी करतो, त्यामुळे त्याच जागेचा अंधारा फोटो समोरचाही काढून दाखवू शकतो. खिडकीत घुसणाऱ्या उजेडासाठी लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड 'लक्स'मध्ये मोजणारं यंत्र, न्या आणि तो खिडकीच्या काचेला समांतर, उभा धरा. पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्स भरतं. कुणाच्या पलंगाशी रस्त्यावरच्या दिव्याचे ५ लक्स येत असतील, तर 'वीस पौर्णिमा उशाशी' म्हटल्यावर ते सभेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं.

उपग्रहाचं आधीचं आणि नंतरचं चित्र जोडण्याचा मोहही आवरा. सर्रास वापरला जाणारा, उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस संवेदक ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच उजेड पाहतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या निळ्या उजेडाचा जोर साधारण ४५० ला असतो, म्हणजे तो त्याला दिसतच नाही. सोडियम काढून पांढरे एलईडी लावले की चित्रात शहर अंधारल्यासारखं दिसू शकतं, जमिनीवरून मात्र आकाश उजळलेलं असतं. या एका चित्राच्या जोरावर चुकीच्या योजनेची वाहवा झालेली मी पाहिली आहे.

'दिवे बंद करा' असं म्हणणं

सभेत हे तीन शब्द उच्चारले की पुढचं कुणी ऐकत नाही. लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या दारात अंधार मागताय. बायका सुरक्षिततेचा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. मीही रात्री एकटी चालते. पण डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्याच्या मागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही, आणि दिव्याला टोपी असेल तर दिसतं. हे भाषणानं पटत नाही. मी चार माणसांना उघड्या दिव्यासमोर उभं करते आणि पाचव्याला दिव्यामागे. मग हातातल्या पुठ्ठ्यानं दिवा झाकते. मागचा माणूस एकदम दिसायला लागतो. तीन मिनिटांचं काम, आणि त्यानंतर माझ्याशी सुरक्षिततेवरून कुणी वाद घातलेला नाही. उलट त्याच बायका पुढे माझ्या बाजूनं बोलल्या.

लोकांना धाकात ठेवून आकाश वाचत नाही. लडाखमधल्या हानले इथे वेधशाळेभोवती २०२२ मध्ये राखीव काळोखी क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा गावकऱ्यांनाच दुर्बिणी आणि प्रशिक्षण देऊन सोबत घेतलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तोही आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड असलेले करूनच.

थोडक्यात उरकण्यासारख्या

फक्त रस्त्यावरच्या दिव्यांच्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या ट्यूसन शहरात २०१९ मध्ये रस्त्यावरचे दिवे ठरवून कमी-जास्त करून पाहिले, तेव्हा उपग्रहाला दिसणाऱ्या उजेडात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. बाकीचा उजेड पाट्या, मैदानं, वाहनतळ, इमारतींचे दर्शनी भाग आणि खासगी आवारं यांचा.

डिजिटल जाहिरात फलक नियमात विसरू नका. दिवसा उन्हात दिसावा म्हणून तो हजारो निट्सवर (निट हे पडद्याच्या तेजाचं माप) चालतो. रात्री तसाच राहिला तर अख्खा चौक उजळतो. दिवसाचा आणि रात्रीचा आकडा वेगळा लिहा.

'रात्री उशिरा' असं कधीच लिहू नका, वेळ लिहा. फ्रान्सनं १ जुलै २०१३ पासून दुकानांच्या दर्शनी काचा रात्री १ वाजेपर्यंत विझवायला सांगितल्या, त्यात वाद घालायला जागा नाही.

जुन्या दिव्यांना मुदत द्या, पण तारखेसह. मुदत नसलेली सूट म्हणजे कायमची सूट.

तक्रार कुणाकडे करायची आणि तपासायला कोण येणार, याची नावं नकोत, पदं लिहा. माणसं बदलतात.

पहिलाच बाण तक्रारीचा

एका मुलीनं शेजाऱ्याच्या फ्लडलाइटचा फोटो काढून समाजमाध्यमावर टाकला आणि खाली चार कडक ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर दुसरा फ्लडलाइट लागला. ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली.

आम्ही दोघी रात्री नऊला त्यांच्या दारी गेलो. भांडायला नाही, त्यांना तिच्या खोलीत बोलवायला. काकांना आधी राग होता, पण आले. तिच्या पलंगावर बसले, भिंतीवर पडलेला खिडकीच्या गजांचा काळा पट्टा पाहिला, आणि काही न बोलता निघून गेले. आठवड्यानं त्यांनी पत्र्याची वीतभर झापडं करून दोन्ही दिव्यांना लावली आणि तोंडं अंगणाकडे वळवली. अंगण आता आधीपेक्षा चांगलं उजळतं, ते स्वतःच सांगतात. झापडाचं माप त्यांनी मला कागदावर काढून दिलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, आणि तशी अकरा झापडं आजवर आणखी लागली आहेत.